आल्प्सचा कौल

दार लागल्याचा आवाज आला तेव्हा मी आधी हसलो. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत मासळी गोठवून परदेशी पाठवणारा एक कारखाना आहे, तिथल्या शीतगृहावर मी सुपरवायझर आहे. आत उणे अठरा, बाहेर मार्चमधली रत्नागिरी. दिवसातून कितीतरी वेळा मी त्या दारातून आत-बाहेर करतो आणि दर वेळी दार जरासं उघडं ठेवतो, कारण आतून उघडायचा दांडा कधीकधी बर्फाने धरतो. भागोजी आमच्याकडचा सगळ्यात टापटिपीचा माणूस. कुठलंही दार उघडं दिसलं की त्याला चैन पडत नाही. त्याने बाहेरून दार लोटलं, खटका पाडला आणि तो चहाला गेला. मी कोळंबीच्या खोक्यांच्या दोन थप्प्यांमध्ये उभा होतो. कुणीतरी थट्टा केली असं वाटून हसलो, मग दांडा दाबला, मग दोन्ही हातांनी दाबला, मग खांदा लावला. पंखे इतके गरगरत होते की माझी हाक मलाच नीट ऐकू येईना. फार वेळ नव्हे, माणसाला चहा प्यायला लागतो तितकाच. पण तेवढ्यात पापण्यांवर काहीतरी खरबरीत जमलं, नाकातला ओलावा टोचायला लागला, आणि मला एक वाट दिसली. मातीची, हातभर रुंद, उतारावर गवतातून खाली खाली जाणारी. दुपारी डबा खाताना मोबाईलवर बघितलेली. आल्प्समध्ये सायकलवरून डोंगर उतरायच्या सहली नेणाऱ्या कुठल्याशा कंपनीचं पान होतं ते, नुसतं बोटाने वर सरकवलं होतं. आता आपण मरतो की काय, असं वाटत असताना माझ्या डोळ्यांसमोर ना आई आली, ना बाबा, ना माझी बायको. ती वाट आली, आणि मी तिच्यावरून उतरत होतो, आणि खरं सांगायचं तर मला छान वाटत होतं.

भागोजीनेच दार उघडलं आणि मला बघून तो रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर थोपटत राहिलो, म्हणजे सुटलो मी आणि समजूत त्याची घालायची, असा सगळा प्रकार. आमच्याकडे नेहमी असंच होतं. संध्याकाळी घरी गेलो तर बातमी माझ्याआधी पोचली होती. बायको, ऋतिका, एका पतसंस्थेत असते. तिने माझे हात हातात घेतले, बोटं एकेक करून चोळली आणि हळूच विचारलं, "तेव्हा कोण आठवलं रे?" मी म्हटलं, "तू. आणि आई." तिचे डोळे भरले. खोटं बोलायला मला काही वाटत नाही, कारखान्यात रोज बोलतो. पण तिने ते इतक्या पटकन खरं मानलं की त्यानंतर तिच्या प्रत्येक मायेच्या शब्दाचं मला ओझं व्हायला लागलं. रात्रीची भाकरी तिने ताटात वाढली ती तुकडे करून, जसं काही माझ्या हातांना अजून ते जमणार नाही. मी मुकाट्याने खाल्ली. तेव्हाच ठरवलं की त्या वाटेवर जायचं. ठरवलं म्हणजे काय, तोपर्यंतच्या आयुष्यात मी कधी काही ठरवलेलंच नव्हतं, त्यामुळे ठरवल्यावर आत नेमकं काय होतं ते मला ओळखता येत नव्हतं.

माझे बाबा, गुणाजी, मच्छीमार होडीचे तांडेल होते. होडीवर सगळ्यांनी त्यांचं ऐकायचं, आणि घरात त्यांनी सगळ्यांचं. मला त्यांनी होडीवर पाय ठेवू दिला नाही. "तू शिक," एवढंच. मग मत्स्यविज्ञान शिक, हे काकांनी ठरवलं, कारखान्यातली नोकरी मामांच्या ओळखीने, ऋतिका आत्याने बघितलेली. यातलं काहीही वाईट झालं नाही, हीच तर पंचाईत. तक्रार करायला तोंडच नाही. फ्लॅटसुद्धा आईला वर चढायला नको म्हणून तळमजल्यावर घेतला, आणि आई तिथे राहायला आलीच नाही, ती आणि बाबा अजून किनाऱ्यावरच्या वाडीतच राहतात. माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पार्किंगमधली चाकं दिसतात. एक सायकल तेवढी माझी. ती मी घेतली, आणि रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण सड्यावर जातो. सडा म्हणजे आमच्याकडचं ते कातळाचं माळरान, पावसाळ्यात हिरवं आणि एरवी तव्यासारखं तापलेलं. कातळाच्या खाचांमधून चाक नेताना खाली खाडी दिसत असते, आणि सड्याच्या कडेवरून एक पायवाट काजूंच्या मधून थेट खाडीपर्यंत उतरते. ती वाट संपते फार लवकर. खाली पोचल्यावर दर वेळी वाटतं, झालं एवढंच? बाकीचे लगेच वडापावची गाडी शोधायला लागतात.

मी चौकशी केल्यावर आल्प्सच्या त्या कंपनीने दोन सहलींची माहिती पाठवली आणि यातली एक निवडा म्हणाले. मला निवडायला सांगितलं की घाम फुटतो. एकीत एकाच गावात, एकाच हॉटेलात मुक्काम, रोज रोपवेच्या पाळण्यातून डोंगरावर जायचं, सायकलने उतरायचं, रात्री पुन्हा त्याच खाटेवर. दुसरीत रोज पुढे जायचं, डोंगरातल्या छोट्या छोट्या मुक्कामांवर झोपायचं, मागे काही नाही. दोन्हीत वाटाड्या सोबत. ऋतिका म्हणाली, "पहिलीच बरी, सामान न्यायला नको." कारखान्यातले साहेब म्हणाले, जुलैत जा, तेव्हा मासेमारी बंद असते, काम नसतं, सप्टेंबरात नको, गणपती. म्हणजे महिना कारखान्याने आणि गणपतीने मिळून ठरवला. मग त्या वाटाड्याशी व्हिडिओवर बोलणं झालं. उन्हाने रापलेला, माझ्याच वयाचा माणूस, मागे लाकडी भिंत. माझी इंग्रजी आणि त्याची इंग्रजी दोन्ही लंगडत होती. त्याने मी सड्यावर काढून कंपनीला पाठवलेले व्हिडिओ बघितले होते. म्हणाला, तुम्ही चांगले उतरता, फक्त ब्रेकवरचं बोट कधीच काढत नाही. सरळ, मोकळ्या उतारावरसुद्धा. का? मी म्हटलं, सवय. तो म्हणाला, तुम्हाला कुठली सहल हवी? मी म्हटलं, तुम्ही सांगा. तो हसला, कुचेष्टेने नव्हे, पण हसला, आणि म्हणाला की हे मात्र मी सांगू शकत नाही. मला त्याचा इतका राग आला की कॉल संपल्यावर मी बराच वेळ बाथरूममध्ये नळ सोडून उभा होतो. पैसे घेऊन वाट दाखवणारा माणूस, आणि पहिल्याच वळणावर म्हणतो तुम्हीच सांगा. रागाच्या भरात मी दुसरी निवडली, पुढे पुढे जाणारी. त्यांनी एक जागा माझ्यासाठी धरून ठेवली, सोमवारी आमच्याकडच्या वेळेने संध्याकाळपर्यंत. तोवर नक्की केलं तर माझी, नाहीतर मागे कुणीतरी थांबलेलं होतंच.

आईला सांगायला शनिवारी वाडीत गेलो. ती पडवीत सुकटीतला कचरा निवडत होती. मी डोंगर म्हटलं, सायकल म्हटलं, आठवडाभर म्हटलं. तिने एकच विचारलं, "थय बरफ हाय?" मी म्हटलं, असतो, पण वर शिखरांवर, आम्ही खाली असू. आईने सूप बाजूला ठेवलं. "बरफातनं आत्ताच जिता बाहेर आलास. देवीनं राखलंन तुला. आनि तू पैसं भरून परत थयच जातंस?" तिच्या हिशेबाने आल्प्स म्हणजे आमचं शीतगृहच, फक्त मोठं, आणि दाराबाहेर भागोजी नाही. मी समजावत गेलो आणि जितका समजावत गेलो तितका माझा आवाज लहान मुलासारखा व्हायला लागला. बाबा जाळं दुरुस्त करत होते, सुई न थांबवता म्हणाले, "जाऊ दे त्याला." आई म्हणाली, "तुमी गप ऱ्हवा." त्यांनी मान पुन्हा जाळ्यात घातली. आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठून आत गेली आणि माझ्यासाठी चहा घेऊन आली, वर साय होती. मला साय आवडते हे तिला माहीत आहे. मी ती साय खाल्ली आणि मला वाटलं, आता माझ्याने हलवणार नाही.

तोडगा ऋतिकाने काढला. तिला माणसांशी वागायचं फार छान कळतं, पतसंस्थेतले चिडलेले ठेवीदार ती चहावर शांत करते. "कौल लावू या," ती म्हणाली. "देवीने उजवा दिला की आईंचं काही म्हणणंच उरणार नाही. स्वतः तुझी बॅग भरतील बघ." मी म्हटलं, "आणि डावा दिला तर?" ती म्हणाली, "देईल कशाला? तू काही वाईट करायला जातोयस का?" आमच्याकडे घर बांधायचं असो, होडी घ्यायची असो, मुलगी द्यायची असो, ग्रामदेवीला कौल लावतात. पाषाणाच्या मूर्तीवर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. मी मत्स्यविज्ञानाचा पदवीधर आहे, ओल्या पाकळ्या का पडतात ते मला कळतं. पण लहानपणापासून मी त्या दगडाकडे श्वास धरून बघितलेलं आहे, आणि तो श्वास कुठल्याही पदवीने सुटत नाही. मी हो म्हटलं. सोमवारी दुपारी रजा टाकली.

देऊळ वाडीच्या खालच्या अंगाला आहे, माडांच्या सावलीत, रस्त्यापासून जांभ्याच्या पायऱ्या उतरून जावं लागतं. तिथे मोबाईलला रेंज नसते. हे मला माहीत होतं आणि तरी मी मोबाईल हातात धरून बसलो होतो. रावजी गुरवांनी सोवळं नेसून मूर्तीवर पाणी घातलं, पाकळ्या लावल्या, नारळ पुढे ठेवला, आणि गाऱ्हाण्याला तोंड फोडता फोडता थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, "जातोस ता कशाला म्हनू? नोकरीला?" मी म्हटलं, "नाही. फिरायला. सायकल चालवायला." रावजी विचारात पडले. थट्टा करत नव्हते, खरंच अडले होते. "फिरायला जायचा गाऱ्हाना मी कधी घातला नाय रे, बाबा. नोकरीचा हाय, आजारपनाचा हाय, लग्नाचा, कोर्टाचा हाय. फिरायला काय म्हनून देवीला सांगू?" आई लगेच म्हणाली, "कामाचा घाला. कामाला जातोय म्हना." मी तोंड उघडलं. ऋतिकाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणजे असू दे, काय फरक पडतो. आणि मी तोंड मिटलं. रावजींचा आवाज चढला. "हे माझे आये महाराजे! आज हा तुझा लेकरू अजिंक्य, गुनाजीचा झील, परमुलखात कामाला जातोय, त्याच्या कामात येश दे, वाकडीतिकडी वाट असंल ती सरळ कर, जाताना येताना राखन कर!" आणि आई, बाबा, ऋतिका, मागे बसलेल्या वाडीतल्या दोन बायका, सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय महाराजा!" मीही म्हटलं. म्हणजे जो माणूस कामाला जात होता त्याच्यासाठी. तो माझ्या शेजारी माझ्याच शर्टात बसलेला आहे असं मला वाटायला लागलं. चांगला माणूस होता तो, घरी पैसे पाठवणारा, देवीने त्याला नाही म्हणायचं काही कारणच नव्हतं.

पाकळ्या पडेनात. असं होतं कधीकधी. देवी बोलत नाही, मग बसायचं. माशा नारळाच्या शेंडीवर बसत होत्या. उदबत्तीची राख मोडून पडली आणि आम्ही सगळेच दचकलो. रावजींनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, पुन्हा व्हय महाराजा झालं, आणि पुन्हा काही नाही. बाहेर उन्हं माडांच्या बुंध्यांवरून वर सरकायला लागली होती. मी हातातल्या मोबाईलवरची वेळ बघायचो, आई मला बघताना बघायची, मी मोबाईल उलटा करायचो. माझ्या मांड्यांना मुंग्या आल्या. उठता येत नव्हतं, कौल लावल्यावर ज्याचा कौल तो उठत नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी मघापासून डावीकडच्या पाकळीकडे बघतोय. नुसता बघत नव्हतो. तिला सांगत होतो. पड. पड, बाई, पड. ती पडली असती तर सगळं किती सोपं झालं असतं! आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला असता, ऋतिकाने हळहळून माझ्या आवडीचं काहीतरी रांधलं असतं, आणि मी पुढची सगळी वर्षं, सड्यावरून खाडीपाशी पोचल्यावर, बाकीचे वडापाव खात असताना, मनातल्या मनात म्हणू शकलो असतो की मला जायचं होतं, मला जाऊ दिलं नाही. ही देवी, ही आई, हा कारखाना. किती सुखाचं दुःख! मला ते जिभेवर ठेवल्यासारखं गोड लागत होतं. आणि त्या गोडीचीच मला भीती वाटली. उणे अठरामध्ये वाटली नव्हती इतकी. मला कुणी बांधून घातलेलं नव्हतं. मीच एकेकाच्या हातात दोरीचं टोक देत फिरत होतो आणि वर कुरकुरत होतो.

मी उठलो. "अरे!" आई म्हणाली. रावजींनी नुसतं डोळे मोठे करून बघितलं. बाबा खांबाला टेकून बसले होते, त्यांनी पाय जवळ घेतले, मला जायला वाट व्हावी इतपत. बोललो असतो तर बसलो असतो. चपला न घालताच बाहेर पडलो आणि जांभ्याच्या पायऱ्या चढायला लागलो, पाय भाजत होते, मागून ऋतिकाची हाक आली, मी थांबलो नाही. वर रस्त्यावर रेंज आली. आंब्याची पेटी बांधलेली एक रिक्षा गेली, तिची धूळ डोळ्यात गेली. जागा अजून माझ्या नावाने धरलेली होती. जागा नक्की करायच्या त्या शेवटच्या चौकोनावर बोट ठेवायला गेलो तर घाईत पहिल्यांदा दुसरंच काहीतरी दाबलं गेलं, मागचं पान आलं, मी चक्क ओरडलो रस्त्यात. मग पुन्हा. झालं. तुमची वाट बघतो आहोत, अशा अर्थाची एक ओळ आली. खाली देवळातून अजून काहीही आवाज आला नव्हता. मी रस्त्याच्या कडेच्या धोंड्यावर बसलो आणि मला रडायला आलं. आनंदाने म्हणावं तर तेही नव्हे. आपण एवढे मोठे झालो आणि हे आज पहिल्यांदा, असं काहीतरी.

मग खाली गलका झाला. घंटा वाजली. थोड्या वेळाने ऋतिका धापा टाकत पायऱ्या चढून आली, एका हातात माझ्या चपला. "उजवा!" ती म्हणाली. "उजवा पडला, अजिंक्य! तू गेल्यावर पडला. आई रडतायत नुसत्या. वेळ आहे ना अजून? कर, कर पटकन." मी म्हटलं, "केलं." ती म्हणाली, "कधी?" मी म्हटलं, "मघाशी. घंटा वाजायच्या आधी." तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग थोडं दुखल्यासारखं झालं, आणि मग ती पतसंस्थेतली ऋतिका झाली. तिने चपला माझ्या पायांपाशी ठेवल्या. "आईंना नको सांगूस," ती म्हणाली. मी विचारलं, "का?" "सुखाने जायचंय ना तुला? मग त्यांना पाठवू दे." तिचं बरोबर होतं. तिचं नेहमी बरोबर असतं. तिच्याइतका जीव मला कुणी लावलेला नाही, आणि त्या क्षणी मला तिच्यापासून पळत सुटावंसं वाटलं.

मग बाबांचा हात धरून आई वर आली. तिच्या कपाळावर अंगाऱ्याची रेघ होती आणि चेहरा असा उजळला होता की मी तिला तशी कित्येक वर्षांत बघितली नव्हती. तिच्या मुठीत ती पाकळी होती, जास्वंदीची, काळपट पडलेली. "देवीनं पाठवलंन तुला," ती म्हणाली. "आता माझा काय म्हनना नाय. बरफ असो नायतर काय असो. तिनं सांगितलंन जा, तर जा." तिला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. आई, मी आधीच गेलो होतो. देवीने सांगायच्या आधी. कामाला नाही, आणि कुणाच्या सांगण्यावरून नाही. बाबा माझ्याकडे बघत होते, माझ्या उघड्या पायांकडे, मोबाईलकडे, आणि मला वाटतं त्यांना कळलं होतं, पण त्यांनी समुद्राकडे तोंड फिरवलं. "व्हय ना रे?" आईने विचारलं. "देवीनंच ना?"

"हो, आई," मी म्हटलं. "देवीनंच."

आयुष्यात एकच मोठी गोष्ट मी स्वतः केली होती, आणि ती मी माझ्याच तोंडाने दुसऱ्याच्या नावावर करून टाकली. आईला मात्र आभाळ ठेंगणं झालं. तिने ती पाकळी माझ्या शर्टाच्या खिशात घातली, वरून दोनदा थोपटली आणि पडू नये म्हणून खिशाचं बटण लावून टाकलं.